शब्दचर्चा : स्पॅगेटी वेस्टर्नमधला 'व्हिलन' - खलनायक, खल, की आणखी काही?

निवडुंग :
एक शब्द हवाय. स्पॅगेटी वेस्टर्न म्हणजे इटालियन दिग्दर्शकांनी काढलेले काउबॉयपट, त्यांतल्या सर्जिओ लिओनेच्या सिनेमांचा मराठीत परिचय लिहायला घेतलाय, आणि दर दोन वाक्यांनी 'व्हिलन' येतोय. खलनायक लिहून बघितलं पण मन मानत नाही, कारण खलनायक म्हटलं की समोर एक स्वच्छ, सज्जन नायक आपोआप उभा राहतो आणि या सिनेमांत तो नसतोच, क्लिंट ईस्टवुडने केलेला माणूस पैशासाठीच गावात आलेला असतो, तोही माणसं मारतो, तोही फसवतो. तरीपण व्हिलन कोण हे पाहणाऱ्याला लगेच कळतं आणि नायकाचं नाव सुद्धा आठवत नाही तेव्हा व्हिलनचा चेहरा आठवतो. 'दुष्ट' लिहिलं तर चेटकिणीच्या गोष्टीसारखं वाटतं. 'गुंड' फारच छोटा. तर काय लिहू? आणि शब्द सुचवताना हे लोक इतके लक्षात का राहतात तेही सांगा, कारण शब्द त्यावरच ठरेल असं मला वाटतंय.

दवबिंदू :
खलनायकच लिहा की, रूढ शब्द आहे, वाचणाऱ्याला अडत नाही. व्हिलनसुद्धा आता मराठीच झालाय. फार खोलात गेलं की परिचय राहतो बाजूला.

आडवाट :
दवबिंदू, रूढ आहे हे मान्य, पण निवडुंग यांची अडचण खरी आहे. 'नायक' म्हणजे नेणारा, 'नी' धातूवरून. खलनायक या शब्दात आपण त्याला नायकाच्या मापाने मोजतो. 'खल' हा मात्र स्वतंत्र, जुना आणि आपल्या रोजच्या ओळखीचा शब्द आहे, पसायदानातला, 'जे खळांची व्यंकटी सांडो'. (खलबत्त्यातला खल वेगळा, आणि खलबतं करण्यातलं खलबत अरबीतून आलेलं, त्याचाही याच्याशी संबंध नाही.) आता त्या ओळीत ज्ञानेश्वर काय मागतात ते बघा, खळ नाहीसे होवोत असं म्हणत नाहीत, त्यांची व्यंकटी जावो म्हणतात, म्हणजे वाकडेपणा. खळ हा माणूस आहे आणि व्यंकटी ही त्याच्यातली एक वाकडी गोष्ट आहे. मला वाटतं लिओने आणि दुसरा इटालियन दिग्दर्शक कोर्बुच्ची यांच्या सिनेमांतल्या लोकांना हाच शब्द नेमका बसतो, कारण प्रत्येकाचा वाकडेपणा निराळा आहे आणि दिग्दर्शक तो वाकडेपणा निवांत वेळ देऊन दाखवतो.

दुसरा शब्द नाट्यशास्त्राकडचा, प्रतिनायक. दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या दशरूपकात त्याचं वर्णन आहे : लोभी, धीरोद्धत, ताठर, पाप करणारा, व्यसनी, शत्रू. यातला 'व्यसनी' वाचून मला तर थेट 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'मधला टोळीवाला इंडिओच आठवतो.

आणि गंमत म्हणजे इंग्रजी 'व्हिलन' मुळात शेतावरचा माणूस. लॅटिनमध्ये व्हिला म्हणजे शेतवाडी, तिथे राबणारा तो व्हिलानुस. इटालियनमध्ये 'व्हिल्लानो' आजही गावंढळ, उद्धट माणूस या अर्थानेच आहे. त्यामुळे इटलीत हे सिनेमे बघणारा माणूस आपल्या व्हिलनला 'व्हिल्लानो' म्हणत नाही, तो म्हणतो 'कात्तिव्हो', वाईट.

टिकटबारी :
आडवाट, तुम्ही 'कात्तिव्हो' काढलंत म्हणून लिहायला बसलो. १९६६ च्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'चं इटालियन नाव 'इल बुओनो, इल ब्रुत्तो, इल कात्तिव्हो', चांगला, कुरूप, वाईट या क्रमाने. इंग्रजीत शेवटचे दोन उलटे झाले आणि त्यामुळे अमेरिकेतल्या ट्रेलरमध्ये ली व्हॅन क्लिफला 'अग्ली' आणि एली वॉलकच्या टुकोला 'बॅड' ठरवून टाकलं. म्हणजे खल कोण हेच लेबल चुकलं. पण सिनेमा पाहणाऱ्या कुणाचा घोटाळा होत नाही, कारण व्हॅन क्लिफ पडद्यावर येतो ती सुरुवातच तशी आहे.

आठवून बघा. दूर क्षितिजावर घोडेस्वार येतोय, शेतावरचं घर, बायको-मुलगा आत निघून जातात, तो काही न बोलता आत येतो, टेबलावर समोरासमोर बसतो आणि जेवायला लागतो. त्या घरचंच जेवण, लाकडी चमच्याने, शांतपणे, पाव कापून, डोळे समोरच्यावर. कितीतरी वेळ एक शब्द नाही. मग नाव विचारतो, त्याला एका माणसाचं बदललेलं नाव हवंय. घाबरलेला शेतकरी त्याला हजार डॉलर देतो, तुला ज्याने पाठवलं त्याला मार म्हणून. हा पैसे घेतो, नाव घेतो आणि त्याला तिथेच मारतो, बंदूक घेऊन धावत आलेल्या मोठ्या मुलालाही. मग ज्याने पाठवलं होतं त्याच्याकडे जातो, नाव सांगतो, आपले पाचशे डॉलर घेतो, आणि म्हणतो की त्या शेतकऱ्यानेही मला पैसे दिले होते, आणि पैसे घेतले की मी काम पुरं करतो. उशीतून गोळी.

आता याला मराठीत काय म्हणाल? माझ्या मते पहिला शब्द 'सुपारीबाज'. सुपारी घेतली की ती वाजवायची हे त्याचं एकमेव तत्त्व आहे. तो बेइमान नाहीये, उलट त्याच्या इतका इमानी माणूस त्या पूर्ण सिनेमात नाही, फक्त त्याचं इमान माणसाशी नसून घेतलेल्या पैशाशी आहे. इटालियन आवृत्तीत त्याचं नाव 'सेंतेन्झा' आहे, कोर्टाचा निकाल किंवा शिक्षा. इंग्रजीत 'एंजल आइज' झालं. मला सेंतेन्झा जास्त खरं वाटतं, तो दारात आला म्हणजे निकाल लागलाय, आता वाद नाही.

निवडुंग :
हे सुंदर आहे. म्हणजे इथे 'इमानी' हा शब्दच अंगावर येतो. पण मग तो वाईट का वाटतो? ईस्टवुडचा ब्लाँडीसुद्धा टुकोला पकडून देऊन इनाम घेतो, मग फासाचा दोर गोळीने तोडून सोडवतो आणि पुढच्या गावी परत तेच. धंदा तर दोघांचाही.

टिकटबारी :
फरक मधेमधे पेरलाय. ब्लाँडी मरणाऱ्या कोवळ्या सैनिकाच्या अंगावर आपला कोट घालतो, त्याला चिरूटचा झुरका देतो. सेंतेन्झाच्या वाट्याला असा एकही क्षण नाही. युद्धकैद्यांच्या छावणीत तो सार्जंट बनून बसलाय, टुकोला आत मारहाण चालू आहे आणि बाहेर कैद्यांच्या वाद्यवृंदाला वाजवायला लावलंय, आतल्या किंकाळ्या ऐकू जाऊ नयेत म्हणून. वाजवणारे रडतायत आणि वाजवतायत. मारतोय तो मारिओ ब्रेगाचा दांडगा वॉलेस, सेंतेन्झा शांतपणे बसून बघतोय. यासाठी मराठीत 'थंड रक्ताचा' लिहू नका, ते इंग्रजीतून उचललेलं आहे. आपला शब्द 'निर्दय', किंवा त्याहून चांगला 'पाषाणहृदयी', आणि बोलीत 'त्याच्या काळजाला पाझर फुटत नाही'.

दवबिंदू :
एवढं वाचल्यावर माझं खलनायक मागे घ्यावंसं वाटतंय! पण मग प्रत्येकाला वेगळा शब्द लागेल. फ्रँकला काय म्हणणार? हेन्री फोंडा.

आडवाट :
फ्रँकला 'उलट्या काळजाचा'. दुसरा शब्द शोधायची गरजच नाही.

निवडुंग :
१००%. १९६८ चा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'. मॅकबेनच्या घराबाहेर लग्नाच्या जेवणाची टेबलं मांडलीयत, नवी आई गाडीने येणार आहे, रातकिड्यांचा आवाज अचानक थांबतो, परत सुरू होतो, परत थांबतो, मग गोळ्या, मुलगी पडते, बाप पडतो, मोठा मुलगा पडतो, आणि घरातून धाकटा पोरगा पळत बाहेर येतो. झुडपांतून लांब कोटवाले पाच जण चालत येतात. कॅमेरा फ्रँकच्या पाठीमागून हळूहळू वळून चेहऱ्यावर येतो आणि ते निळे डोळे दिसतात. फोंडा म्हणजे तोवर अमेरिकेच्या पडद्यावरचा सज्जनपणा, १९३९ मध्ये तरुण लिंकन, १९४० मध्ये 'द ग्रेप्स ऑफ राथ'मधला टॉम जोड, १९५७ मध्ये एका आरोपीसाठी एकटा अडून बसलेला ज्यूरर. तो स्वतः सांगायचा की या भूमिकेसाठी तो तपकिरी लेन्स लावून आणि मिशी वाढवून आला होता, कारण व्हिलन तसाच दिसतो असं त्याला वाटलं, आणि लिओनेने दोन्ही काढायला लावलं. लिओनेला तेच निळे डोळे हवे होते, प्रेक्षकांनी ज्यांच्यावर इतकी वर्षं विश्वास ठेवला ते.

आणि तो पोरगा का मरतो? एका साथीदाराच्या तोंडून फ्रँकचं नाव निघतं म्हणून. नाव उच्चारलंस ना, मग आता काय करणार, एवढंच. किंचित हसतो आणि बंदूक काढतो. गोळीच्या आवाजात रेल्वेचं इंजिन येतं. आता 'उलट्या काळजाचा' मध्ये काळीज आहे हे महत्त्वाचं, निर्दय म्हटलं की तिथे काही नाहीच असं होतं, फ्रँकला हसू येतं, त्याला मजा येते, त्याचं काळीज आहे पण उलटं आहे.

टिकटबारी :
यावरून शोले आठवणार हे ठरलेलंच. १९७५ च्या शोलेतलं ठाकूरच्या कुटुंबाचं हत्याकांड याच प्रसंगावरून घेतलंय, एकेक जण पडत जातो आणि शेवटी लहान मुलगा उरतो. पण बघा, गब्बर फ्रँक नाहीये. गब्बर बडबड्या आहे, खिदळतो, तंबाखू मळतो, आरडाओरडा करतो. तो जास्त करून इंडिओच्या घरातला आहे. म्हणजे प्रसंग एका सिनेमातून आला आणि माणसाचा नूर दुसऱ्यासारखा.

आडवाट :
इंडिओवर यायचंच होतं. १९६५, 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर', जान मारिया व्होलोन्ते. हा नट आदल्या वर्षीच्या 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'मध्ये रामोन होता, तेव्हा श्रेयनामावलीत त्याचं नाव 'जॉन वेल्स' असं अमेरिकन करून टाकलं होतं, लिओने स्वतः 'बॉब रॉबर्टसन' झाला होता. ईस्टवुड जितका कमी बोलतो तितका व्होलोन्ते उधळतो. घाम, डोळे, हसणं, सगळं ओसंडून. एक तांत्रिक गोष्टही यात आहे, हे सिनेमे टेक्निस्कोपमध्ये काढलेत, फिल्मच्या चार छिद्रांऐवजी दोन छिद्रांत एक चौकट, म्हणजे निम्म्या फिल्ममध्ये रुंद पडदा. पैसे वाचवायची युक्ती, पण त्या रुंद चौकटीत लिओनेने नुसते डोळे भरले, नाहीतर घामाने डबडबलेला अर्धा चेहरा. शिवाय शूटिंगच्या वेळी प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलायचा, आवाज नंतर चढवायचे. त्यामुळे चेहऱ्याला बोलावंच लागायचं. हिंदीत 'फुटेज खाणं' म्हणतात तसं या खलांनी फुटेज खाल्लंय, आणि ते त्यांना दिग्दर्शकानेच वाढलंय.

मघाशी 'कात्तिव्हो' निघाला होता ना, त्याचं मूळ लॅटिन 'काप्तिवुस', म्हणजे कैदी. ख्रिस्ती लॅटिनमध्ये 'सैतानाच्या कैदेतला' असा प्रयोग होता, त्यातला सैतान गळाला आणि कैदी म्हणजेच वाईट झालं. इंडिओ हा शब्दशः तसा आहे. त्याच्याकडे एक गाणारं खिशातलं घड्याळ आहे. ज्या तरुणीच्या नवऱ्याला त्याने मारलं आणि तिच्यावर जबरदस्ती केली, तिने त्याचीच बंदूक ओढून स्वतःला संपवलं, तिचं ते घड्याळ. तो ते फेकून देत नाही, तो ते उघडत राहतो. पडक्या चर्चमधला प्रसंग घ्या, ज्याने त्याला पकडून दिलं होतं त्याला आणलंय, त्या माणसाच्या बायकोला आणि तान्ह्या बाळाला बाहेर नेऊन मारलंय, तो आवाज आतल्या बापाने ऐकलाय. मग इंडिओ घड्याळ उघडून सांगतो, सूर थांबला की बंदूक काढ. संगीतकार मोरिकोनेने त्या नाजूक सुरावर बाखच्या टोकाटाचे ऑर्गन चढवलेत. सूर थांबतो, इंडिओ मारतो, आणि जिंकल्यावर त्याचे हात थरथरतात, साथीदार गांजाची विडी पेटवून देतो तेव्हा कुठे तो भानावर येतो, की भान जातं, काय म्हणायचं ते म्हणा. त्याने दुसऱ्याला मारलंय पण तो स्वतः त्या रात्रीतून सुटलेला नाही. धनंजयाचा 'व्यसनी' इथे दोन्ही अर्थांनी लागू, संस्कृतात व्यसन म्हणजे संकटही.

दवबिंदू :
म्हणजे त्याला 'पछाडलेला' म्हणावं का?

आडवाट :
वा दवबिंदू, हाच. 'पछाडलेला'. 'वेडा' आणि 'माथेफिरू' दोन्ही शब्द त्याला चुकवतात, माथेफिरू माणूस एल पासोच्या बँकेची एवढी बारीक योजना आखत नाही.

टिकटबारी :
माझ्या डोक्यात हे सगळं वाचताना एकच शब्द फिरतोय, 'खोड'. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. आडवाट यांची व्यंकटी आणि माझी खोड एकच असेल. पहिल्या सिनेमातला रामोन बघा, १९६४ चा. विंचेस्टर रायफल, आणि नेम कायम काळजावर. त्याचा गर्वच आहे तो, पिस्तूलवाला रायफलवाल्यासमोर आला तर मेलाच म्हणतो. शेवटी समोरचा माणूस चालत येतोय, रामोन काळजावर गोळी घालतो, तो पडतो आणि उठतो, परत गोळी, परत उठतो. पोंचो नावाच्या घोंगडीखाली पोलादी पत्रा आहे. डोक्यावर नेम धरला असता तर सिनेमा तिथेच संपला असता, पण तो धरूच शकत नाही, खोड आहे ती. तो उद्गार, तो नेम, तीच त्याची ओळख आणि त्यानेच तो मरतो. मला असं वाटतं की नुसत्या क्रूरपणाने कुणी लक्षात राहत नाही. कोर्बुच्चीच्या १९६६ च्या 'जँगो'मधला मेजर जॅक्सन घ्या, मेक्सिकन शेतकऱ्यांना पळायला लावून गंमत म्हणून टिपतो, लाल टोप्या घातलेली टोळी आहे, क्रूरपणात तो कुणाला हार जाणार नाही, 'माजोरडा' हा शब्द त्याच्यासाठीच आहे. पण माझ्या आठवणीत त्याची माणसं आणि त्या लाल टोप्या जास्त आहेत, तो स्वतः कमी. त्याला खोड नाही, नुसता माज आहे.

निवडुंग :
आणि कोर्बुच्चीचाच 'द ग्रेट सायलेन्स', १९६८? क्लाऊस किन्स्कीचा लोको. तिथे माझी फार पंचाईत झाली, 'गुन्हेगार' लिहिलं आणि खोडलं. तो कायद्याने गुन्हेगार नाहीच.

टिकटबारी :
तुम्ही बरोबर खोडलंत. यूटामधला बर्फ (खरं तर इटलीतले डोलोमाईट डोंगर), उपासमारीने चोऱ्या करून डोंगरात लपलेले लोक, त्यांच्या डोक्यावर इनाम, आणि हा इनामासाठी त्यांना मारणारा. मढी बर्फात पुरून ठेवतो, खराब होत नाहीत, सावकाश नेऊन पैसे घेतो. हिशेब वहीत. सगळं कायद्याप्रमाणे आहे हे तो वारंवार सांगतो, आणि ते खरं आहे हीच त्या सिनेमाची आग आहे. समोर त्रँतिन्याँचा मुका सायलेन्स, ज्याची पद्धत अशी की दुसऱ्याला डिवचायचं, त्याने आधी बंदूक काढली की मग मारायचं, म्हणजे स्वसंरक्षण. लोकोला तो दारूच्या गुत्त्यात डिवचतो, आणि लोको बंदूक काढत नाही. पट्टा सोडून ठेवतो. किन्स्कीचा तो मऊ, जवळजवळ प्रेमळ आवाज आणि चेहरा. स्पॅनिशमध्ये लोको म्हणजे वेडा, आणि त्या बर्फात सगळ्यांत शहाणा तोच आहे. (इटालियन आवृत्तीत तो 'तिग्रेरो'.) शेवटी जिंकतो कोण? लोको. सायलेन्स मरतो, ओलीस धरलेले लोक मरतात, इनाम लोकोला. निर्मात्यांसाठी एक सुखान्त शेवटही चित्रित करून ठेवला होता, पण शेवट खरा तो पहिलाच.

याच्यासाठी मी 'निर्ढावलेला' लिहीन, सोबत 'कायद्याचा'. 'कायद्याने निर्ढावलेला'. खल म्हटलं की समाजाबाहेरचा माणूस वाटतो, हा तर समाजाने नेमलेला आहे.

दवबिंदू :
अंगावर काटा आला. आता सिनेमाचं नावच मराठीत करायचं झालं तर? 'चांगला, वाईट आणि कुरूप' अगदी शाळेच्या फळ्यावरचं वाटतं.

आडवाट :
'वाईट' ची अडचण अशी की आपल्याकडे ते दुःखालाही चालतं, वाईट वाटलं म्हणतो. पण इटालियन 'कात्तिव्हो' पण तसाच रोजचा शब्द आहे, हट्टी पोराला सुद्धा म्हणतात, त्यामुळे तिथे फार भारदस्त शब्द घालू नये असं माझं मत. 'खल' नावात घातला की ते पौराणिक नाटक होईल. बोलीतलं 'वंगाळ' मला आवडतं. 'ब्रुत्तो'चा अर्थही नुसता कुरूप नाही, ओंगळ, खराब असाही आहे, टुकोला 'ओंगळ' शोभेल. पण परिचयात मूळ नावच देवनागरीत ठेवा, आणि आत एकदा अर्थ सांगा.

निवडुंग :
मग असं करतो. सरसकट जिथे सगळ्यांबद्दल बोलायचं तिथे 'खल' आणि अनेकवचनी 'खळ', पसायदानाचा उल्लेख एकदा. एकेकाबद्दल लिहिताना रामोनची खोड, सेंतेन्झाची सुपारी आणि इमान, इंडिओ पछाडलेला, फ्रँक उलट्या काळजाचा, लोको कायद्याने निर्ढावलेला. खलनायक एकदाही नाही. फक्त मॉर्टन राहिला. फ्रँकला पोसणारा रेल्वेवाला, हाडांच्या क्षयाने पांगळा झालेला, पॅसिफिक समुद्र बघायचाय म्हणून रूळ टाकत निघालेला आणि चिखलाच्या डबक्याशी मरणारा. तो खळात बसत नाही, मला तर त्याची कीव येते.

टिकटबारी :
'धनदांडगा' चालेल, पण पायाने अधू माणसाला दांडगा म्हणताना कानाला खटकेल. माझं ऐकाल तर साधं 'मालक' लिहा. कारण फ्रँकला नेमकं तेच व्हायचंय, मॉर्टनच्या खुर्चीत बसून बघतो तो, बंदुकीपेक्षा पैसा वरचढ आहे हे त्याला कळतंय पण हात बंदुकीकडेच जातो. शेवटी त्याच्या मागावर असलेला, हार्मोनिका नावाचा माणूस त्याला विचारतो तेव्हा कबूल करतो की आपण धंदेवाला नाही, नुसता माणूस. 'मालक' आणि 'मारेकरी' हे दोन शब्द जवळजवळ ठेवलेत की फ्रँकचा पूर्ण सिनेमा दोन ओळींत मांडता येईल.

आडवाट :
मालकला माझंही मत. आणि निवडुंग, 'खळ' अनेकवचनी लिहिताना एक बघा, विदर्भ-मराठवाड्याकडच्या वाचकाला 'खळं' म्हणजे मळणीची जागा आधी आठवेल (संस्कृत 'खल' चा तोही एक अर्थ आहेच), त्यामुळे पहिल्यांदा येईल तिथे 'खळ माणसं' असं लिहा, पुढे नुसतं चालेल.